मातीचं घर बांधायचंय? खान्देशातून येणारे नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं

अमळनेर तालुक्यात बोरीकाठी शेतात आम्ही मातीचं घर बांधलं तेव्हापासून फोन चालूच आहेत, धुळ्याचे, शिरपूरचे, चोपड्याचे, एक तर सुरतला राहणारा शहाद्याचा माणूस रात्री साडेदहाला. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी आर्किटेक्ट नाही, शेतकरी आहे, चुका करत शिकलोय. स्ट्रक्चरचा हिशोब मात्र इंजिनिअरकडूनच करून घ्या, ते माझ्यावर सोडू नका.

मातीचं घर खरंच थंड राहतं का, की नुसत्या सांगायच्या गोष्टी?

राहतं, पण त्यामागचं कारण समजून घ्या नाहीतर फसाल. माती गरमी अडवत नाही, ती उशिरा आत सोडते. दीड फूट जाडीच्या भिंतीतून दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचायला दहा-बारा तास लागतात, म्हणजे दुपारी दोनचा तडाखा तुमच्या खोलीत मध्यरात्रीनंतर येतो आणि तोवर बाहेर हवा उतरलेली असते, खिडक्या उघडल्या की निघून जातो. चार इंची विटेच्या भिंतीतून तोच तडाखा दोन-तीन तासात आत, म्हणून संध्याकाळी पाच वाजता भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागते. आपल्याकडे मे महिन्यात दिवसा ४४-४५ आणि पहाटे त्यापेक्षा बरंच खाली, हा जो फरक आहे ना त्यावरच हे सगळं चालतं. कोकणात दिवस-रात्रीत एवढा फरक नसतो म्हणून तिथे जाड भिंतीचा एवढा उपयोग नाही, आपल्याकडे आहे.

पण अट एकच, रात्री उघडायचं आणि सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायचं. आमच्याकडे पाहुणे येतात आणि दुपारी एक वाजता "हवा येऊ द्या जरा" म्हणून खिडकी उघडतात, झालं, रात्रभर साठवलेला गारवा गेला.

आणि एक गोष्ट जी कोणीच विचारत नाही. जळगाव-धुळं साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, सावली पायाखाली. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारी सगळ्यात जास्त तापतं ते छत, भिंत नाही. भिंती दीड फुटाच्या केल्या आणि वर पत्रा टाकला तर पैसे पाण्यात गेले समजा. छतानंतर नंबर पश्चिमेच्या भिंतीचा. घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेला येतात, पश्चिमेला जिना, न्हाणी, कोठी असलं काहीतरी ढकला, खिडकी ठेवू नका, निंब असेल तर तोडू नका.

मग आजोबांचं धाब्याचं घर होतं तसंच परत बांधू का?

नको. हे जरा लांब सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त गडबड होते.

धाबं म्हणजे सागाच्या किंवा अंजनाच्या तुळया, त्यावर कड्या, त्यावर काड्या-पाला आणि वर मातीचा जाड थर. गारवा एक नंबर, उन्हाळ्यात सगळं गाव धाब्यावर झोपायचं, पापड-कुरडया तिथेच वाळायच्या. पण दर पावसाळ्याच्या आधी वर माती टाकायची, ती दाबायची, जुनी मात्र कोणी काढायचं नाही. वीस-तीस वर्षांत थर वाढत जातो आणि वजन टनात जातं. तुळईचं जे टोक भिंतीत घुसलेलं असतं ते ओलाव्याने आतून कुजतं, बाहेरून दिसतही नाही. मग एखाद्या श्रावणात तीन दिवस झड लागली की पेपरात बातमी, धाबं कोसळून अमुक ठार.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला त्यात माणसं मेली ती बहुतेक अशाच घरात, चिखलात रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं भारी माळवद. भिंतीच्या दोन बाजूंना धरून ठेवणारा आडवा दगड नाही, कोपरे बांधलेले नाहीत, वर एवढं ओझं. तापी-नर्मदेचा आपला पट्टा भूकंपाच्या नकाशात झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात येतो, तेव्हा "आमच्याकडे नाही होत असलं काही" हे म्हणू नका. उलटं उदाहरणही आहे, २००१ च्या भूकंपात कच्छमधली भुंगा नावाची गोल घरं बऱ्यापैकी टिकली, तीही मातीचीच, पण आकार गोल, उंची कमी आणि वर हलकं छप्पर.

तर आजोबांच्या घरातलं जे थंड होतं ते घ्या, म्हणजे जाड भिंत, ओटा, चौक, लहान खिडक्या. जे डोक्यावर पडत होतं ते सोडा.

माझ्या शेतातलीच काळी माती भिंतीला चालेल का? फुकट आहे.

नाही चालत, हे मी पैसे घालवून शिकलोय. सुरुवातीला हौसेने शेतातल्या काळ्या मातीची कंपाउंडची भिंत घातली, कमरेएवढी. वाळताना पंधरा दिवसात अशा भेगा पडल्या की त्यात हात जात होता आणि पहिल्या पावसात फुगून अर्धी भिंत बांधावर आडवी. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात शेतात जशा भेगा पडतात तशाच त्या भिंतीत पडणार, ती माती कापसाला चांगली, भिंतीला नाही.

भिंतीला पिवळी किंवा तांबूस माती, मुरमाची चाळ, नदीकाठची पोयट्याची माती असं मिसळून चालतं. ओळखायचं कसं तर काचेची बरणी घ्या, एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावू नका. खाली रेती बसते, मधे गाळ, वर चिकणमाती, पट्टीने मोजा. प्रेसमध्ये दाबून केलेल्या मातीच्या ब्लॉकसाठी पाँडिचेरीजवळच्या ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूटचं माप साधारण असं, बारीक खडी १५ टक्के, रेती ५०, गाळ १५, चिकणमाती २०. हाताने थापायच्या कच्च्या विटांना एवढं काटेकोर लागत नाही, रेती जास्त आणि चिकण पाचवा हिस्सा असलं की जमतं.

दुसरी टेस्ट आमचा मिस्तरी करतो. ओल्या मातीची अंगठ्याएवढी जाड वळी करायची, तळहातावरून हळूहळू पुढे सरकवायची आणि किती लांबीला तुटते बघायचं. दोन बोटं सरकली आणि तुटली तर रेती फार, वीतभर लोंबली तरी तुटत नाही तर चिकण फार, मधली तुटली की तो मान हलवतो आणि पुढे काही बोलत नाही. लॅबमध्ये द्यायची तर द्या, पण आधी हे करा.

आणि गावातली पांढरी माती?

जुने लोक धाब्यावर हीच टाकायचे. जिथे शेकडो वर्षं वस्ती होती तिथली राखाडी, राख आणि चुनखडी मुरलेली माती, ती काळीसारखी फुगत नाही. गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात ते उगाच नाही.

आता एक विनंती, नदीकाठी जुनं पांढरं टेकाड दिसलं की जेसीबी लावू नका. तापीकाठचं प्रकाशे, गिरणाकाठचं बहाळ, ही अशीच टेकाडं होती, १९५० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा आत ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली, प्रकाशेजवळच्या सावळद्याच्या नावावरून तर एका मडक्यांच्या प्रकाराला नाव आहे. तुमच्या गावच्या टेकाडात काय असेल सांगता येत नाही. पडलेल्या जुन्या घराची माती मिळाली तर ती घ्या, ती मळून परत वापरता येते. सिमेंटच्या भिंतीचं असं करून दाखवा!

काळ्या जमिनीवर घर बांधायचंय, पाया कसा घ्यायचा?

इथे मात्र कंजुषी नको. घर मातीचं असो की आरसीसीचं, काळ्या जमिनीत पाया वरवर घेतला तर दरवर्षी घर वर-खाली होणार आणि दाराच्या चौकटी तिरप्या होणार. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. मुरूम पाच-सहा फुटात लागला तर नशीब. फार खोल असेल तर काळी माती उपसून मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मसने ठोकून भरायचा, नाहीतर इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइलबद्दल विचारा, खाली घंटेसारखा फुगवटा असलेले खांब, रुडकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठीच ते पुढे आणले.

जोतं दगडाचं, निदान दोन फूट वर, बेसॉल्टला आपल्याकडे तोटा नाही. जोत्यावर ओल अडवणारा थर, त्यावर आडवा बँड, म्हणजे सगळ्या भिंतींना एकत्र धरून ठेवणारा सलग पट्टा. आणि घराभोवती तीन फूट फरशी उताराने, म्हणजे छतावरून गळणारं पावळ्याचं पाणी पायाशी मुरत नाही. मोरीचं पाणी पायाशी सोडून वर केळी लावणारे महाभाग मी बघितलेत, आपल्याकडे केळीचं प्रेम जरा जास्तच आहे.

कॉब, अडोबी, रॅम्ड अर्थ, सीएसईबी... यूट्यूबवर बघून डोकं फिरलं, कोणतं घेऊ?

नावं इंग्रजी असली तरी त्यातली दोन तरी तुमच्या आजीला माहीत आहेत. अडोबी म्हणजे कच्च्या विटा, साच्यात थापून सावलीत वाळवलेल्या. कूड म्हणजे तुराट्या-पऱ्हाट्या (तुरीच्या-कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि कामट्या विणून त्यावर दोन्हीकडून गारा, म्हणजे मळलेला चिखल, सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल वस्त्यांवर अजून दिसेल. कॉब म्हणजे गारा तुडवून विटा न पाडता गोळ्यावर गोळे ठेवत सरळ भिंत चढवायची, आपल्या जुन्या गढ्यांच्या भिंती बघा. रॅम्ड अर्थला फळ्यांच्या साच्यात दमट माती ठोकायची असते, दिसते फार सुंदर पण साचा आणि शिकलेली माणसं लागतात. सीएसईबी म्हणजे प्रेसमध्ये दाबलेली वीट, साधारण ५ ते ८ टक्के सिमेंट घालून, भट्टी नाही, भारतीय मानक आयएस १७२५ याच ब्लॉकसाठी आहे.

माझं मत विचाराल तर, ज्याला गावात बसून सवडीने बांधायचंय त्याने कच्च्या विटा, ज्याला बँकेचं लोन आणि वरचा मजला पाहिजे त्याने सीएसईबी. आतल्या पार्टिशनला कूड, हलकं आणि स्वस्त. कॉब हौशी लोकांनी करावं, मजा येते पण पाठ जाते. चिकण जास्त असलेल्या मातीत सिमेंटपेक्षा चुना चांगला धरतो, रेतीच्या मातीत सिमेंट, हे उलटं केलं की ब्लॉक पाण्यात विरघळतात.

सिमेंटला अजिबातच हात लावायचा नाही का? पर्यावरणाला नक्की काय फरक पडतो?

मी सोवळं पाळत नाही. बँड, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी), न्हाणी इथे सिमेंट वापरलंय आणि त्याची लाज नाही. पण हिशोब समजून घ्या. जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड माणूस सोडतो त्यातला साधारण ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा. कोळसा जळतो तो एक भाग, पण निम्म्याहून जास्त गॅस खुद्द चुनखडीतून निघतो, १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो गॅस उडतो, मग भट्टी सोलरवर चालवा की कशावर, तो निघणारच. सिमेंटची भट्टी १४५० अंशाला, चुन्याची ९०० च्या आसपास, आणि चुना भिंतीवर घट्ट होताना हवेतला गॅस परत ओढून घेतो, सगळा नाही पण बराच. कच्च्या विटेला भट्टीच नाही, ऊन फुकट आणि ते आपल्याकडे किती आहे हे सांगायला नको.

गांधीजींनी १९३७ च्या सुमारास लिहिलं होतं की आदर्श गावातली घरं पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्याची असावीत, आणि त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं होतं, डिसेंबर १९३६, तिथली सजावट नंदलाल बोसांनी बांबू-गवत अशा इथल्याच वस्तूंनी केली. केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी पुढे ती पाच मैलांची गोष्ट आयुष्यभर धरून ठेवली. मी कागदावर गावाभोवती पाच मैलांचा गोल काढला तर त्यात दगड, मुरूम, पिवळी माती, निंब, पऱ्हाट्या, भुसा, शेण एवढं आलं. चुना, बांबू, कौलं बाहेर राहिली. स्टील तर फारच बाहेर.

भाजक्या विटाच घ्यायच्या असतील तर निदान बेकरांचा रॅट-ट्रॅप बाँड करा, विटा उभ्या कडेवर रचून मधे पोकळी सोडायची, साधारण २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीमुळे गरमी अडते. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख आहे, त्या परिसरात राखेच्या विटाही स्वस्त पडतात.

छत कशाचं करू मग?

वजन कमी आणि गरमी अडवणारं, हे दोन्ही पाहिजे. आम्ही दुहेरी केलंय, वर मंगलोरी कौलं, खाली बांबूच्या चटईचं सिलिंग, मधे हवा खेळायला फूटभर जागा आणि दोन्ही टोकांना जाळी. कौलं तापतात पण ती गरमी मधल्या हवेतून निघून जाते.

स्लॅबच पाहिजे असेल, म्हणजे वर पापड वाळवायला किंवा पुढे मजला चढवायला, तर फिलर स्लॅब करा. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट तसंही फार काम करत नाही, तिथे सळयांच्या मधे जुनी कौलं घालायची, काँक्रीट वाचतं, वजन कमी होतं. वर पांढऱ्या चुन्याचा हात दर मार्चमध्ये. काही जण उलटी मडकी मांडून त्यावर चुन्याचा कोबा करतात, तेही चांगलं.

पत्रा आधीच असेल तर? काढू नका, खाली तुराट्यांचं किंवा चटईचं सिलिंग करा आणि वर पांढरा रंग मारा. पत्र्यावर कडबा-पऱ्हाट्या रचून ठेवतात ते मला पटत नाही, एक ठिणगी पडली की संपलं.

पावसात भिंत वाहून जाणार नाही का?

वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. आपल्याकडे पाऊस तसा कमी, पण वाऱ्यासोबत तिरपा येतो आणि नैऋत्येकडून झोडपतो. पहिल्या वर्षी आमच्या पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा खालचे तीन फूट धुऊन गेला, आतली वीट तशीच, पण बघायला आलेल्या प्रत्येकाने तेवढाच फोटो काढून नेला. नंतर त्या बाजूला चुन्याचा गिलावा केला, आता ठीक आहे. चुना निदान पंधरा दिवस पाण्यात भिजलेला पाहिजे, जितका जास्त तितका बरा. जुने लोक त्यात गूळ, हिरडा, बेलाच्या फळाचं पाणी घालायचे, आम्ही गूळ आणि हिरडा घातला. पिशवीतली चुन्याची पावडर आणून त्याच दिवशी फासली तर हाताला पांढरी लागते आणि लागतच राहते.

वरून सिमेंट प्लास्टर मारलं तर कटकटच गेली ना?

उलट कटकट तिथून सुरू होते. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट किंवा ऑइल पेंट फासला की ओल आत अडकते, भिंत आतून मऊ होते आणि एक दिवस प्लास्टरचा पूर्ण पापुद्रा सुटून येतो, हाताने वाजवलं तर आधीच पोकळ आवाज येतो. गावात जुन्या घरांना लोक हेच करून राहिले आणि मग म्हणतात मातीची भिंत खराब निघाली.

वाळवी, उंदीर, विंचू?

जोतं उंच, खालचे दोन थर चुना घातलेले, गाऱ्यातला भुसा नीट कुजवून घेतलेला, आणि लाकूड जमिनीला टेकलेलं नको, दगडी उथळ्यावर ठेवा. अंजनाचा नार, म्हणजे लाकडाचा आतला कठीण गाभा मिळाला तर वाळवी त्याला तोंड लावत नाही. उंदीर धान्याला येतात, मातीला नाही. विंचू शेतातल्या प्रत्येक घरात निघतात, आरसीसीतही निघतात.

पऱ्हाट्या आणि केळीचा धागा वापरता येईल का? आमच्याकडे ढीग आहे.

येईल आणि यावर आपल्याकडे जास्त काम व्हायला पाहिजे असं मला वाटतं, दरवर्षी बांधावर पेटवतोच ना आपण. भाताचा पेंढा आपल्याकडे नवापूरची बाजू सोडली तर मिळत नाही म्हणून यूट्यूबवाले सांगतात तो पेंढा सोडून गव्हाचा भुसा घ्या. भिंतीच्या गाऱ्यात तो चांगला, गिलाव्यात बारीक पाहिजे, तिथे केळीच्या खोडाचा धागा बोटभर तुकडे करून घातला तर भेगा कमी येतात. पऱ्हाट्या कुडाला चालतात पण आधी सगळी वाळकी बोंडं झोडून काढा आणि नष्ट करा, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून बसते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते.

बांबू कुठला घ्यायचा?

मानवेल, भरीव असतो. तीन वर्षांच्या वरचा, पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवलेला. हे केलं नाही तर वर्षभरात खाली पिवळा भुगा पडायला लागतो, जेवताना ताटात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्याने झाड राहिला नाही, तेव्हा बांधावर लावा बिनधास्त.

स्वस्त पडतं का?

आकडा सांगत नाही, कारण मी सांगितलेला आकडा लोक मिस्तरीला दाखवतात आणि भांडण होतं. साहित्य स्वस्त, मजुरी महाग, एवढं धरा. घरची चार माणसं गारा तुडवणार असतील तर बरंच स्वस्त. सगळं ठेक्याने देऊन शहरातून टीम आणणार असाल तर आरसीसीएवढंच, कधी जास्तही.

लोन, घरकुल, ग्रामपंचायत?

बँकेत "मातीचं घर" म्हणालात की समोरचा माणूस चष्मा काढून बघतो. इंजिनिअरकडून प्लॅन, एस्टिमेट आणि स्ट्रक्चरचं सर्टिफिकेट घ्या, त्यात आयएस १७२५ आणि मातीच्या भूकंपरोधक घरांसाठीचं आयएस १३८२७ यांचा उल्लेख करून घ्या, बोलणं सोपं जातं. मला एका बँकेने नाही म्हटलं, दुसरीने सीएसईबी लिहिल्यावर हो म्हटलं, घर तेच. घरकुलात २५ चौरस मीटर आणि मूळ रक्कम मैदानी भागात १ लाख २० हजार, स्थानिक साहित्याचे नमुने ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' नावाने काढलेत, पण हप्ता टप्प्याच्या फोटोवर मिळतो म्हणून आधीच साइटवर येणाऱ्या इंजिनिअरशी बोला. ग्रामपंचायतीच्या नोंदीत, नमुना ८ ला घर कसं लागतंय तेही बघून घ्या. माती-मुरूम उचलायच्या आधी तलाठ्याला विचारा, गौण खनिजाची रॉयल्टी हा नंतर डोक्याला ताप होतो.

दोन मजले चढतील?

आयएस १३८२७ प्रमाणे झोन ३ मध्ये कच्च्या विटांचं घर दोन मजल्यांपर्यंत. भिंतीची उंची जाडीच्या आठ पटीपेक्षा जास्त नको, म्हणजे १५ इंची भिंत असेल तर दहा फूट. दारं-खिडक्या चार फुटांपेक्षा रुंद नको आणि कोपऱ्यापासून चार फूट लांब. मोठ्या काचेच्या खिडक्या पाहिजेत म्हणणाऱ्यांना मी विचारतो, बघायचंय काय, समोर बांध आणि ऊनच आहे.

काम कधी सुरू करू?

दिवाळीनंतर लगेच. थंडीत विटा हळू वाळतात, भेगा पडत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात थापलेली वीट दुपारपर्यंत तडकते, थापलीच तर सावलीत ठेवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत छत बसलं पाहिजे, कारण त्यानंतर मजूर सापडत नाही आणि वळवाचा भरवसा नाही. भिंतीवर छत नसताना वळीव आला तर ताडपत्री धरून रात्रभर उभं राहावं लागतं, मी राहिलोय.

कूलर-एसी लागतो का?

एसी नाही. कूलर दुपारी दोन-तीन तास, तेही मेमध्ये. पण कूलर खिडकीत टेकवू नका, स्टँडवर भिंतीपासून हातभर लांब ठेवा, ठिबकणारं पाणी जिथे पडतं तिथला गिलावा महिन्याभरात जातो.

आणि दरवर्षी सारवायचं कोणी?

हा प्रश्न बायकाच विचारतात, पुरुषाने अजून एकाही फोनवर विचारला नाही. आईला घराचं सांगितलं तेव्हा ती पहिलं वाक्य म्हणाली, "मातीना घरमा काय ठेयेल शे रे भाऊ, सारी जिंदगी सारी सारी हात गये मना." म्हणजे मातीच्या घरात काय ठेवलंय, सगळी जिंदगी सारवून सारवून माझे हात गेले. खरं होतं. धाब्याच्या घराचं कौतुक आम्ही करतो आणि शेण-मातीत कोपरापर्यंत हात तिचे.

म्हणून आतली जमीन शहाबादी फरशीची केली, शेणाची नाही, कोणी काही म्हणो. आतल्या भिंतींना चुन्याचा हात तीन-चार वर्षांनी. फक्त ओट्याचा कठडा मातीचा ठेवला आणि तो माझ्याकडे. यंदा आखाजीआधी मी आणि पोराने सारवला, आई ओट्यावर बसून "हात उलटा फिराव रे" सांगत होती. कोपऱ्यात अजून बोटांचे ओघळ दिसतात.